चार नंबरची पट्टी

मुकुंदवाडी,
१२ जानेवारी २०१६

प्रिय सत्यशीला,

कुरिअरवाल्यानं खोकं हातात दिलं की तू आधी चटणीचा डबा उघडणार, हे मला ठाऊक आहे. उघड, खा, मग हात धू आणि हे पत्र वाच. पण पंचवीस तारखेला तुझा प्रबंध सरांच्या हवाली करायच्या आधी शेवटपर्यंत वाच. चार नंबरच्या पट्टीबद्दल तू त्यात जे लिहिलं आहेस ते चुकलं आहे, आणि ती चूक तुझी नाही. हे सांगायला मी महिनाभरात तीनदा फोन केला. पहिल्यांदा टँकरचं बोलून ठेवून दिला. दुसऱ्यांदा वर्कशॉपातल्या कचरूच्या गुडघ्याचं बोललो. तिसऱ्यांदा तू 'आबा, मीटिंगला निघाले' म्हणालीस, आणि मला इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद मध्येच मीटिंगला जात नाही.

इकडं सगळं ठीक आहे. पाणी नवव्या दिवशी येतं, म्हणजे येणार असं म्हणतात. दुष्काळ आमच्या कामाला मानवतो, हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. विहिरी तळाला गेल्या की मोटारी गाळ ओढतात, गाळानं बुश झिजतात, आणि झिजलेले बुश घेऊन माणसं वर्कशॉपच्या दारात बसतात. टँकरवाल्यांच्या व्हॉल्व्हची तर रांगच लागलेली असते. मागच्या आठवड्यात पडेगावला एक टँकर दुरुस्त करायला गेलो होतो. आपल्या मेंढ्या जिथं चरायच्या तिथं आता तीन मजली इमारती आहेत. एका इमारतीच्या फाटकावर 'ग्रीन मेडोज' लिहिलंय आणि आत गवताची काडी नाही. तुझा आजोबा असता तर त्यानं वॉचमनला विचारून मेंढ्या आत घातल्या असत्या.

दौलताबादलाही जाऊन आलो. तुझ्या मामांनी विहीर आणखी खोल घेतली, म्हणून गाळाचा पंप बसवून द्यायला बोलावलं होतं. मामांचा अंगद मजेत आहे. त्याला जुळं झालं, दोन्ही मुली, आणि दोघी मिळून त्याला दिवसरात्र नाचवतात. तू लग्नाला नाही म्हणालीस याचं त्याला आता काही वाटत नाही. उलट, 'आत्याच्या पोरीनं नाही म्हटलं म्हणून ही मिळाली', असं बायकोसमोरच हसत सांगतो. वाईट वाटून घेणारी माणसं कोण होती ते तुला माहीत आहे. त्यातल्या एकीशी माझं लग्न झालेलं आहे.

त्या विहिरीच्या काठावर उभा राहिलो तेव्हा तुझं काम मला पहिल्यांदा नीट कळलं. नाहीतर सप्टेंबरात तू घासून तपासायला आठ पट्ट्या पाठवल्यास, चार तऱ्हेच्या, प्रत्येकीच्या दोन, आणि सोबत ती आकृती काढून दिलीस, तेव्हा मी 'हो हो' म्हणालो होतो, पण मनात म्हणत होतो की पोरीनं उलटं केलंय. आयटीआय केलेला माणूस मी. आम्हाला शिकवलं, घासणारी वस्तू वरून कडक हवी, आत कशीही असो. आणि तू म्हणतेस की वरचा थर जरा लवचीक ठेवायचा आणि खाली जाईल तसा हळूहळू ताठ करत न्यायचा, तोही असा की एक थर कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते सांगता येऊ नये. चार नंबरची पट्टी ती हीच. मामांच्या विहिरीच्या कडेला नेमकं तेच उघडं पडलं होतं. वर काळी माती, मग मातीत मुरूम मिसळत गेलेला, मग नुसता मुरूम, मग मुरमातच धरत गेलेला खडक. कुठंही रेघ मारता येत नव्हती. आणि शेजारच्या माणसानं जिथं सरळ मातीवर सिमेंटचं कडं ओतलं होतं, ते कडं मातीपासून सुटून हलत होतं. मी मामांना म्हणालो, 'सत्यशीला हेच शिकायला मद्रासला गेलीय.' मामा म्हणाले, 'आरं मग हितंच यायचं की, फुकट दावली असती.'

घर्षणाचं मात्र मला आधीपासून पटलं होतं, कारण ते तू दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात घरी आली होतीस तेव्हा बाजेवरच्या चादरीवर दाखवलं होतंस. तळहात दाबून ओढला की हातापुढं चुण्या पडतात आणि हातामागं कापड ताणलं जातं. फाटायचं असेल तर तिथं फाटतं, हात जिथून निघून गेला त्या बाजूला. दाब कितीही असू दे, मागचा ताण वाढतो तो घासण्यामुळं. हे मी कचरूला शिकवलं, आणि तो ते आता चहाच्या टपरीवर शिकवतो. त्याच उन्हाळ्यात तू अंगदला नाही म्हणून मद्रासला परत गेलीस, आणि घरातही ताण मागच्या बाजूलाच पडला.

तुझ्याकडच्या यंत्रासमोर सहा महिन्यांची रांग म्हणून आपण इथंच यंत्र केलं, त्याची हकीकत तुला अर्धीच माहीत आहे. तो भंगारातला छोटा शेपर, लोखंड रंधायचं यंत्र, मी नीट करून घेतला. त्याची सरक पुढंमागं चालते, तिच्या टोकाला तू दिलेली घासायची गोळी बसवली, वर वजन, आणि ओढ मोजायला ताणकाटा. दुपारी बारा ते दोन, वर्कशॉपचं काम थांबतं आणि वीज असते, तेवढाच वेळ चालवायचा. दिवसाला साधारण पावणेपाच हजार फेऱ्या. मग पट्टीला लाल रंग लावून पुसायचा, वर पांढरी पूड मारायची आणि भिंग लावून बघायचं. भेग असली की लाल रेघ उमटते. पहिल्या पट्टीला अर्ध्या दिवसात रेघ आली. दुसरीचा वरचा थर पाच हजारांत पापुद्र्यासारखा निघाला. तिसरी आठ हजारांना गेली. यंत्र असं किरकिरायचं की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं येऊन विचारलं, 'काका, कुणाला कापताय?' चारही दिशांना आवाज, आणि मला त्या आवाजाचं फार कौतुक, कारण माझ्या मुलीचा अभ्यास इतक्या मोठ्यानं कुणाच्याच मुलीचा चालत नव्हता.

मग आली खंडेनवमी. चार नंबरची पट्टी आदल्या संध्याकाळीच मी बांधून ठेवली होती. तुझ्या आईचं तुला माहीत आहे. मेंढ्या होत्या तेव्हा दिवाळीला प्रत्येक मेंढीच्या कपाळाला हळदकुंकू लागायचं. मेंढ्या गेल्या, मी लेथ घेतला, तर खंडेनवमीला लेथला लागायला लागलं. ज्याच्यावर घर चालतं त्याला हात लावायचा, एवढंच तिचं शास्त्र. सकाळी नवं लुगडं नेसून ताट घेऊन आली. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, शिकंजा, अगदी माझ्या चष्म्याच्या घरालाही कुंकू लागलं. प्रत्येकाला झेंडूचं फूल आणि वातीनं करडईच्या तेलाचा एक थेंब. मग ती शेपरपाशी आली. मला वाटलं, पुढं जाईल. त्या यंत्रावर काय चाललंय आणि कुणाचं चाललंय हे तिला पक्कं माहीत होतं, आणि दोन वर्षांत तिनं तुझं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. 'मद्रासला पाऊस हाय का', 'मद्रासहून फोन आला का', असं विचारायची, जसं काही मद्रास नावाची आपली कुणी पाहुणी आहे. ती थांबली. पदरानं पट्टी पुसली, कुंकू लावलं, तेलाचा थेंब ठेवला आणि फूल ठेवायला जागा सापडेना म्हणून वजनावर ठेवलं. मी ड्रिलकडं तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि कचरू बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी स्वच्छ पुसली. बाराला ती डबा घेऊन आली, मी हात धुवायला गेलो, परत आलो तर पट्टीवर थेंब. तिसऱ्या दिवशी तेच. सणाचं ताट गेलं होतं, पण तिनं एक छोटी बाटली आणि कापसाची वात डब्याच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली होती. मी यंत्र चालू केलं आणि आवाजच येईना. कचरू जेवता जेवता थांबला. म्हणाला, 'मालक, मशीन लई गप हाय आज. वैनीनं तेल पाजलं व्हय?' तुझी आई म्हणाली, 'पाजलं तर पाजलं. लोखंड असलं म्हनून काय झालं, दिसभर घासतंय.' आणि ताटात भाकरी वाढायला लागली.

आता ऐक, शीले. इथं मी चुकलो. ताणकाटा आधी साडेचार किलो दाखवत होता, तो पावणेदोनवर आला. मला तिथंच कळलं. मी ते तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं म्हणजे तिला सांगायचं की तू करतेस ते चुकीचं आहे, आणि दोन वर्षांनी ती तुझ्यासाठी काही करत होती. रोज. न बोलता. मी मनाशी म्हणालो, थेंबभर तेलानं काय होतंय. तीस वर्षं बुश आणि बेअरिंग बघितलेला माणूस मी, थेंबभर तेलानं काय होतं हे मला नाही तर कुणाला कळणार? एकवीस दिवस ती थेंब ठेवत राहिली आणि मी हात धुवायला जात राहिलो. कधी नव्हे इतके माझे हात स्वच्छ होते. लाख फेऱ्या झाल्या, लाल रेघ आली नाही. मी ताणकाट्याचे आकडे जसेच्या तसे तुला पाठवले. आकडे खोटे लिहिले नाहीत, पण आकड्यामागची बाई लिहिली नाही.

आणि दिवाळीत तुझा फोन आला. 'आबा, चार नंबर फुटलीच नाही. घर्षणसुद्धा कमी झालं, हे तर कुणालाच अपेक्षित नव्हतं, सर म्हणाले याच्यावर वेगळं प्रकरण लिही.' तू इतकी हसत होतीस की मी पण हसलो. फोन ठेवला आणि हातातली करंजी परत डब्यात ठेवली. तुझ्या आईनं विचारलं, 'काय म्हंते मद्रास?' मी म्हणालो, पास झाली म्हणतेय पट्टी. त्या दिवशी तिनं शेजारच्या चार घरी फराळ जास्तीचा पाठवला.

डिसेंबरात तुमच्याकडं पूर आला. इथं हंडाभर पाण्यासाठी भांडणं, आणि टीव्हीवर तुमच्याकडं रस्त्यानं गाड्या वाहत चाललेल्या. दोन दिवस तुझा फोन लागेना. तुझी आई टीव्हीसमोरून उठली नाही. भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी ती मोठ्यानं म्हणाली, 'सत्यशीलाला पवता येत नाय.' तुझं नाव. मी तिच्याकडं बघत बसलो. तिसऱ्या दिवशी तुझा फोन लागला, तू म्हणालीस की मी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बिस्किटं खातेय, आणि तेव्हा माझ्या मागं उभी राहून कोण ऐकत होतं हे तुला आज सांगतो. फोन मागून घेतला नाही तिनं. हात पुढं केला होता, मग मागं घेतला.

त्या रात्री जेवताना मी तिला सगळं सांगितलं. चादर काढली, तळहात दाबून ओढून दाखवला. तेल लावलं की हात घसरतो, मग मागचा ताण उरतच नाही, मग भेग कशी पडेल. तुझी पोरगी बघत होती ती पट्टीची ताकद, आणि आपण दाखवली तुझ्या तेलाची. तिनं घास खाली ठेवला. 'म्हंजी माझ्यामुळं पोरीचं खोटं झालं व्हय?' मी म्हणालो, तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं. तुला माहीत नव्हतं, मला होतं. 'मग तवा का नाय बोल्लात?' मी सांगितलं का नाही बोललो ते. ती म्हणाली, 'तुमी बी येडेच हात.' आणि मग, 'दुसरी पट्टी हाय ना? लावा उद्या.'

उद्या लागली नाही, आधी व्हॉल्व्हची कामं उरकायची होती, पण नाताळ झाल्यावर चार नंबरची दुसरी पट्टी लावली. सगळं यंत्र तिनं स्वतः थिनरनं पुसलं. दोनदा. आधीची पट्टी, गोळी, वजन, सगळं. बाटली घरी ठेवून आली. मग रोज बाराला डबा द्यायची आणि स्टूल ओढून यंत्रासमोर बसायची, हात मांडीवर घट्ट धरून, जसं काही कुणी तेल लावून जाईल म्हणून राखण करतेय. किरकिर सुरू झाली की तोंड वाकडं करायची, पण उठायची नाही. काट्यावर साडेचार किलो, बाकीच्या पट्ट्यांइतकेच. म्हणजे घर्षण कमी होणं हा तुझ्या पट्टीचा गुण नाही. ते वेगळं प्रकरण फाडून टाक, किंवा त्याचं कौतुक करडईला दे.

आता खरं काय ते लिहितो. पंधरा हजारांना रेघ नाही. वीस हजारांना नाही. पंचवीस हजारांना कचरूनं नारळ आणायचं का विचारलं. सातव्या दिवशी, एकतीस हजार दोनशे फेऱ्यांवर, भिंग तिच्याच हातात होतं. 'हितं बगा,' म्हणाली. गोळी जिथून मागं फिरते त्या कडेला, केसाएवढी, नखाच्या चंद्रकोरीसारखी लाल रेघ. मी म्हणालो, कुंकू राहिलं असेल. ती म्हणाली, 'म्या पुसलंय, कुंकू न्हाय. भेगच हाय.' खोटं बोलायची संधी मी पुन्हा शोधत होतो आणि ती मला शोधू देत नव्हती. तर पट्टी फुटते, शीले. फुटत नाही असं नाही. पण तीन नंबरच्या जवळजवळ चौपट टिकते, तेच वजन, तेच कोरडं घर्षण, तीच गोळी. मला विचारशील तर हे जास्त बरं आहे. न फुटणाऱ्या वस्तूवर वर्कशॉपवाला कधी विश्वास ठेवत नाही. उशिरा फुटणारी मात्र तो डोळे झाकून घेतो.

सर रागावतील. तारीख पुढं ढकलावी लागली तर ढकल. माझं नाव सांग, बापानं गोंधळ घातला म्हण, हवं तर मी तसं लिहून सही करून देतो. सगळे रोजचे आकडे आणि तेलाच्या एकवीस दिवसांच्या तारखा वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवल्या आहेत. दोन्ही चार नंबरच्या पट्ट्या खोक्यात आहेत, तेलाची आणि कोरडी, खूण करून. पट्ट्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधल्यात आणि चटणीचा डबा दुसऱ्या पिशवीत, कारण शेंगदाण्याच्या चटणीलाही तेल सुटतं आणि आता या घराला तेवढी अक्कल आली आहे.

एवढं सगळं चार ओळींत लिहून भागलं असतं. तुझी आई समोर बसली आहे आणि मगाचपासून विचारते आहे, 'लिवलं का, लिवलं का?' तिचं एकच वाक्य पोचवायचं होतं म्हणून पत्र, आणि तेच मी शेवटापर्यंत टाळत आलो. कोरडी पट्टी फुटली त्या दिवशी घरी आल्यावर तिनं ती करडईची बाटली कपाटातून काढली, उजेडात धरून किती उरलंय ते बघितलं आणि म्हणाली, 'पट्टीला नाय चालत तर राहू द्या. तिच्या डोक्याला चालतं का इचारा. दोन वर्षांत केसाचं पार काड करून घेतलं असंल पोरीनं.' तर मी विचारतो आहे. उत्तर मला देऊ नको. तिच्या फोनवर फोन कर, दुपारी दोननंतर, यंत्र बंद असतं तेव्हा. ती उचलेल, मी विचारून ठेवलं आहे.

तुझाच,
आबा